लिओनाबाईंचा मुरघास

"काकवीशिवाय लसूणघासाचा चारा मुरवायचा म्हणजे मिठाशिवाय कोबी आंबवायचा!" लिओना झुर्फ्लूबाईंनी न्याहारीच्या टेबलावर चमचा आपटून जाहीर केलं. "या मन्रो गावाच्या पंचक्रोशीत माझ्या गायींसारखं दूध देणारी एक गाय दाखवा, मी गोठा विकून शिकागोला राहायला जाईन!"

सून मार्लिस कॉलेजात चाऱ्याचं शास्त्र शिकलेली. चाऱ्यातही पदवी मिळते हे कळल्यापासून लिओनाबाईंचा कॉलेजांवरचा विश्वास उडाला होता.

"आई, लसूणघासात मुळात साखर कमी," मार्लिस म्हणाली. "लवकर आंबट झाला नाही की सडतो. माझी जिवाणूंची पूड फवारली की काम झटपट होतं. घासातला कस टिकतो, गायींना पचतोही."

"साखर कमी म्हणतेस ना? मग साखर घाल! काकवी म्हणजे दुसरं काय असतं?"

"पण ती खाऊन घास आंबवणारे जिवाणू तर हवेत!"

"जेवण चांगलं असलं की पाहुणे आपोआप येतात!"

मुलगा रुडी मध्ये बसून अंडी चिवडत होता. दोन बैलांमध्ये सापडलेल्या कुंपणासारखा त्याचा चेहरा झाला होता. शेवटी तो ओरडला, "बास! आज घास भरताना प्रत्येकीची वेगळी हवाबंद पिशवी करू. शरदात उघडू. प्रयोगशाळेत तपासू, गायींनाही विचारू. जिचा मुरघास सरस, चाऱ्याचा कारभार तिचा. कायमचा!"

लिओनाबाई हसल्या. हसून झाल्यावर चमचा मात्र हळूच खाली ठेवला. नवरा गेल्यापासून तो कारभार म्हणजे त्यांचं राज्य. आणि गेल्या वर्षी पावसात भिजलेला घास काकवी घालूनही बिघडला होता. ओल्या मोज्यांसारखा वास! गायींनी त्यांच्या हातचं खायला नकार देऊन तोंड फिरवलं होतं. नवरा वारल्यावरही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

तर दुपारी, सगळे शेतावर असताना, लिओनाबाईंनी स्वयंपाकघरातला फ्रीझर उघडला. सॉसेजच्या मागे सुनेच्या पुडीची चपटी पाकिटं रचलेली होती. "थोडे पाहुणे निमंत्रण देऊन बोलावले तर काय बिघडतं!" असं पुटपुटत त्यांनी एक पाकीट उचललं. तेवढ्यात दार वाजलं! पाकीट सरळ ब्लाउजच्या आत गेलं.

दारात मार्लिस. कोपरापर्यंत चिकट, आणि मागे मधमाश्यांची वरात!

"हे काय गं?" लिओनाबाईंनी विचारलं.

"प... पॅनकेक करत होते."

"शेतात?"

"तुम्ही कुडकुडताय का, आई?"

पाकिटाच्या गारव्यानं लिओनाबाईंचे दात वाजू लागले होते. बाहेर ऊन असं की कोंबड्या पाणी सोडायला तयार नव्हत्या, आणि त्या नोव्हेंबरातल्या वासरासारख्या थरथरत होत्या.

"रुडी! धाव! आईंना हुडहुडी भरलीय!"

रुडी धावला. सोबत जनावरांचे डॉक्टर हाल्व्हरसनही धावले, ते एक गाभण गाय बघायला आलेच होते. क्षणात लिओनाबाई गोधडीत, गोधडी ब्लँकेटात, आणि तोंडात कोंबडीचं कढत सूप!

डॉक्टरांनी नाडी धरली. "हात बर्फासारखा! ताप बघायला हवा. माझ्याजवळ गायींचा थर्मामीटर आहे—"

"तो कुठे लावतात मला ठाऊक आहे!" लिओनाबाई गरजल्या. "मागे हो!"

"निदान छाती तपासू द्या." त्यांनी गोधडीवरूनच नळी टेकवली आणि दचकले. "आत काहीतरी कुरकुरतंय! आणि काळजापाशी एकदम गारवा!"

"त्यात नवीन काय?" रुडी म्हणाला. "सगळं गाव तेच म्हणतं!"

डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. मार्लिस तर इतक्या तत्परतेनं "तुम्ही अजिबात उठू नका हं, आई!" म्हणून बाहेर पळाली की लिओनाबाईंना भरून आलं. बिचारी! आपण हिची पूड चोरली! पण भरून येणं वेगळं आणि कारभार वेगळा. घरात सामसूम होताच त्या गोधडीसकट खिडकीतून उतरल्या, आपल्या काकवीच्या टाकीत पूड रिकामी केली, लांब दांड्यानं ढवळली आणि परत येऊन कण्हत पडल्या. संध्याकाळपर्यंत दोन पांढऱ्या लठ्ठ पिशव्या अंगणापलीकडे शेजारी शेजारी निजल्या.

शरद आला. पिशव्या फाडल्या, आणि काय सांगावं! गोडसर आंबट दरवळ! हिरवट सोनेरी रंग! गायी लिओनाबाईंच्या गव्हाणीवर अशा तुटून पडल्या की एकीचं डोकं दुसरीच्या पोटाखाली. गव्हाण चाटून लख्ख! लिओनाबाईंनी अॅप्रन सोडून झेंड्यासारखा फडकवला. "बघा! माझ्या हातचं खाल्लं!"

पण मार्लिसच्या गव्हाणीवरही तीच झुंबड! दूध दोन्हीकडे सारखंच वाढलं. प्रयोगशाळेचं उत्तर आलं, तर आंबटपणा तोच, पचायला तितकाच हलका. जुळ्या बहिणी!

रुडीनं छाती फुगवली. "म्हणजे काकवी घाला नाहीतर पूड, फरक शून्य! पुढच्या वर्षी काहीच घालायचं नाही. चाऱ्याचा कारभार माझा!"

काहीच नाही? लिओनाबाईंच्या डोळ्यांसमोर तोंड फिरवलेल्या गायी उभ्या राहिल्या. मानापेक्षा गायी मोठ्या!

"मूर्खा! दोन्ही घालायचं! माझ्या पिशवीत दोन्ही होतं. हिची पूड मी चोरली होती!"

मार्लिस लाल झाली. "माझ्याही पिशवीत दोन्ही होतं, आई. मी तुमची काकवी..."

गायी बघायला आलेले डॉक्टर हाल्व्हरसन इतके हसले की गव्हाणीला टेकले. लिओनाबाईंनी मात्र मान ताठ केली. "ठीक आहे. कारभार दोघींचा. पण पहिला मान माझा, कारण चोरी आधी मी केली!"

"नाही आई. तुमच्या आधी मी."

लिओनाबाई गर्रकन मुलाकडे वळल्या. "बघितलंस? अशी सून निवडली कोणी? मी!"

"मी निवडली, आई!"

"तू गप्प बस! शेण उचल!"