नानाजींची विलायती खोली

नानाजी खोलकुटे माणसाची पारख एकाच प्रश्नाने करीत: "पाणी की कागद?" मी जबलपूरच्या राइट टाउनात त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी, टांग्यातून सामान उतरायच्या आधीच, तो मला विचारला गेला. मी शाळेत इंग्रजी शिकवतो हे त्यांच्या कानावर गेलं होतं, त्यामुळे संशयाला जागा होती. "पाणी," मी म्हणालो. "मग या, चहा घ्या," ते म्हणाले.

नानाजी कचेरीत रेकॉर्डकीपर होते. सगळं आयुष्य कागदांत गेलेलं. रस्त्यात एखाद्या चिठोऱ्याला पाय लागला, तर तिथेच वाकून तो कपाळाला लावायचे. मागचा सायकलवाला घंटी वाजवत बसे. साहेब लोक कागदाचा उपयोग कशासाठी करतात हे त्यांना बंगल्यावरच्या खानसाम्याकडून कळलं, आणि इंग्रजी राज्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. "ज्यांना तांब्याभर पाणी घ्यायचं सुचत नाही, ते राज्य काय करून राहिले, मास्तर? टिकत नाही हे. लिहून घ्या." हे "लिहून घ्या" दर वाक्याला असे.

कचेरीतला गोरा साहेबही काही कमी नव्हता. तांब्या घेऊन मागच्या अंगणाकडे निघालेला कारकून दिसला की तो नाकाला रुमाल लावी. दोघे एकमेकांना घाणेरडे समजत आणि कचेरीचं काम सुरळीत चाले.

बायको वारल्यापासून घरात नानाजी एकटेच. मुलगा माधव डॉक्टरी शिकायला विलायतेला गेला, तो सहा वर्षांनी मडमेशी लग्न करून मुंबईला उतरला. त्याचं पत्र आलं: 'दोन दिवस जबलपूरला येऊ. एडिथला आपल्या घरची सोय जमणार नाही, म्हणून हॉटेलात उतरू.'

पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. आता मडमेचा उद्धार ऐकायला मिळणार म्हणून मी सरसावून बसलो.

"सोय म्हणजे तेच ना?" त्यांनी विचारलं. "अच्छा. चलो, करू. मग घरीच राहतील."

सरपणाच्या खोलीत सुतार लागला. खानसाम्याला मिठाई चारून बंगल्यावरच्या कमोडचं माप आणवलं. सागवानी कमोड तयार झाला, त्याला पॉलिश झालं. अडलं ते कागदावर. छापील कागद चालेना, कारण त्यावर अक्षर असतं. शेवटी नानाजींनी कोरे पांढरे ताव आणले, कपाळाला लावले आणि स्वतःच कातरीने कापले. मग मला खोली बघायला बोलावलं. सगळं झकास होतं. फक्त कागद छताजवळच्या फळीवर होते.

"नानाजी, बसलेल्या माणसाचा हात तिथे पोचणार कसा?"

"मग काय सरस्वतीला पायाशी ठेवू?" ते जरा चिडले. मग हळूच म्हणाले, "सून उंच आहे म्हणतात."

सून खरंच उंच होती, आणि भली होती. नमस्कार शिकून आली होती. मी दुभाष्या म्हणून मधे बसलो. चहा होईपर्यंत नानाजींनी मला तीनदा कोपर मारलं: "हात धुवायचेत का, तिला विचारा ना." तिसऱ्यांदा मी विचारलं. ती त्या खोलीत गेली, हात पुसत परत आली, पण काही बोलली नाही. माधव घड्याळ बघत होता. त्यांना उजेड आहे तोवर भेडाघाट बघायचा होता, आणि सामान तर सकाळीच हॉटेलात पडलं होतं. दोघे पाया पडले आणि टांगा गेला.

नानाजी फाटकाशीच उभे राहिले.

"मास्तर, खोलीबद्दल काही म्हणाली?"

मला फार वाईट वाटलं, म्हणून मी सरळ खोटं बोललो. "म्हणाली, अशी सोय हॉटेलातसुद्धा नाही."

"अच्छा!" त्यांचा चेहरा खुलला. फाटकाची कडी त्यांनी लावली, परत काढली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मग थांबले काहून नाहीत?"