पितांबर नानांची चार इंजेक्शनं

पितांबर नानांसारखा झटपट निर्णय घेणारा माणूस अख्ख्या चोपडा तालुक्यात नव्हता! हे मी नाही म्हणत, नाना स्वतःच म्हणायचे. कापूस मोडून केळी लावायची हे त्यांनी दाढी करता करता ठरवलं, अजून एक गाल व्हायचा होता. थोरलीची सोयरीक पक्की केली ती धुळ्याच्या बसस्टँडवर, गाडी सुटायच्या आत! "विचार करत बसतात ते मास्तर लोक," असं ते ज्याला त्याला ऐकवायचे.

आणि असा हा माणूस एक्क्याण्णव सालच्या संक्रांतीपासून पोळ्यापर्यंत एकाच प्रश्नाशी अडून बसला होता. इंजेक्शन घ्यावं की न घ्यावं?

गोष्ट जरा नाजूक आहे. पण तुम्ही घरचीच माणसं, म्हणून सांगतो.

नानांना बावन्नावं लागलं होतं. दिसायला गडी खणखणीत. पण दोनेक वर्षांपासून अंगातला जोरच कुणी काढून नेल्यासारखं झालं होतं. जेवण झालं की डोळे मिटायचे. विहिरीवर जायचं म्हटलं तर आधी खाटेवर बसून घ्यावंसं वाटायचं. हेही वयाच्या नावावर खपून गेलं असतं. खरी पंचाईत निराळीच होती. त्यांची बायको द्रौपदाबाई डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन बांधावरून यायची, तेव्हा एके काळी नाना हातातलं काम टाकून बघत उभे राहायचे. लग्नाला वीस वर्षं झाल्यावरसुद्धा! ती जवळ येईपर्यंत छातीत नुसती धडधड, आणि आली की उगीच रागावून म्हणायचे, "उशीर केलास." आता ती यायची आणि नानांच्या मनात एकच विचार यायचा, आज भाजी कशाची असेल? बस्स!

बायको नकोशी झाली होती असं मुळीच नाही हो. नानांना ती धडधड हवी होती. भूक मेलेल्या माणसापुढे आवडीचं ताट आलं की त्याला जसं रडू येतं, तसं त्यांचं होत होतं. बांधावर ती दिसली की ते मनातल्या मनात हाक मारून बघायचे आणि आतून कुणीच ओ द्यायचं नाही.

अशात जळगावच्या पेपरात एका डॉक्टरांचा लेख आला. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचा एक रस असतो, काहींच्यात उतारवयात तो फार कमी पडतो, मग असं असं होतं. नानांनी लेख वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि "केळीचा भाव काढून येतो" म्हणून जळगावची एसटी धरली.

डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं. ते मुंबईला गेलं. पंधरा दिवसांनी पुन्हा घेतलं. ते पण मुंबईला गेलं. नाना पुन्हा पुन्हा भाव काढायला जळगावला!

"दोन्ही वेळा फार कमी आलंय," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन मिळतं, दर तीन आठवड्यांनी एक. पण नाना, ही जादू नाही. एकदा सुरू केलं की वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. मधून मधून रक्त तपासायचं, लघवीच्या वाटेजवळच्या प्रोस्टेट नावाच्या गाठीवर लक्ष ठेवायचं. त्रास झाला तर बंद. घेतलंच पाहिजे असंही नाही. आणि हे एकट्यानं ठरवू नका, वहिनींशी बोला. पहिलं इंजेक्शन इथंच, त्यांना घेऊन याल तेव्हा."

"एवढंच ना? आज संध्याकाळी बोलतो!" नाना म्हणाले, आणि खाली उतरून दुकानातून चार इंजेक्शनांची पेटी घेऊनसुद्धा मोकळे झाले.

संध्याकाळी द्रौपदाबाई कढी वाढत होत्या.

"अगं, ऐक ना."

"काय?"

नानांनी कढीची वाटी उचलली. "काही नाही. कढीत मीठ कमी आहे."

दुसऱ्या दिवशी, "अगं, तुला एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

"ही वरणाची फोडणी जरा करपलीय."

असं थेट पोळा जवळ येईपर्यंत चाललं, आणि मधून मधून नाना जळगावला जाऊन "आता नक्की बोलतो" असं डॉक्टरांना सांगून यायचे. नाना काही बोलेनात आणि द्रौपदाबाईंच्या स्वयंपाकाची मात्र रोज एक खोडी निघायला लागली! त्या बिचाऱ्या गप्प गप्प होत गेल्या. पेटी घरात ठेवायची सोय नव्हती, म्हणून नानांनी ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, खताच्या रिकाम्या गोणीखाली दडवून ठेवली.

इथंच घोटाळा झाला!

तुम्हाला आमच्याकडच्या केळीवाल्यांची रीत माहीत नसेल. केळीवाला एक वेळ घरातलं भांडण चव्हाट्यावर सांगेल, पण केळीला कोणता डोस दिला ते सख्ख्या भावाला सांगणार नाही. औषधाच्या बाटल्यांवरची कागदं फाडून टाकतात, रिकामे डबे जमिनीत पुरतात. त्यामुळे कुणी काही लपवलंय म्हटलं की ते हमखास घड पोसायचं औषध! शिवाय मालक महिन्यातून दोनदा जळगावला जातो, म्हणजे औषध भारीच असणार!

नानांचा सालदार गडी पुना पंधरा वर्षं त्यांच्याकडे होता. त्याला गोणी हलवताना पेटी सापडली. त्यानं ती जिथल्या तिथं ठेवली आणि तंबाखू मळता मळता शेजारच्या मळ्यातल्या भाईदास आप्पांना म्हणाला, "आप्पा, आमना नानानी काही तरी आनेल शे. लपाडीसन ठेयेल शे. कोनले सांगू नका."

आप्पा तासाभरात हजर!

"काय नाना, एकटाच खाशी का? माले बठ्ठं माहीत शे!"

नानांच्या हातातला विळा खाली पडला. "ब-बठ्ठं? सगळं?"

"पुनानी सांगं. अरे, त्यात लाजायचं काय? गरज आम्हाला नाही का? माझंही दोन वर्षांपासून काही खरं नाही."

"तुझंही?" नानांना भरून आलं. जगात आपण एकटे नाही!

"मग! सगळं बारीक बारीक. कितला दिवसनी देवानं?"

"तीन आठवड्यांनी एक."

"खोडमा का मुळमा?"

"खोडमा?" नाना बुचकळ्यात पडले.

"अरे केळीच्या! दुसरं कशाच्या?"

नाना जमिनीवर आले. आता दोनच वाटा होत्या. खरं सांगायचं, नाहीतर केळी म्हणायचं. झटपट निर्णय घेणाऱ्या माणसानं झटपट निर्णय घेतला!

"हां, केळीचंच. खोडात. पण कुणाला सांगू नको."

कुणाला सांगू नको म्हणजे काय होतं, ते आपण जाणतोच. चार वाजेपर्यंत मळ्यात वीस-पंचवीस माणसं! नवं औषध कसं देतात ते बघायला एक जण तर हातेडहून सायकल हाणत आला. आप्पांनी घरून म्हशींना टोचायची जाडजूड सिरिंज आणली. "होऊन जाऊ दे नाना! आमच्या डोळ्यासमोर!"

आता माघार कशी घेणार? नानांनी पहिली काचेची कुपी फोडली. तेलासारखं पिवळसर औषध सिरिंजमध्ये आलं. पंचवीस माणसं श्वास रोखून उभी. नानांनी खोडात सुई खुपसली. माझे तीन आठवडे गेले, त्यांच्या मनात आलं.

"दुसऱ्या झाडाला पण!" लोक ओरडले. आणखी तीन आठवडे! तिसरं! चौथं! बांधावर द्रौपदाबाईची वाट बघत उभा राहणारा तो जुना पितांबर चार केळींच्या खोडात जिरत गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! आप्पांनी ओळख राहावी म्हणून चारही झाडांना लाल चिंध्या बांधल्या. नानांना त्या दिवशी संध्याकाळचं जेवण गेलं नाही.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण आप्पांनी एक रिकामी कुपी खिशात घातली होती. दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या औषधाच्या दुकानात जाऊन ते म्हणाले, "हे पाच हजार झाडांना पुरेल एवढं द्या."

दुकानदारानं कुपी बघितली. मग आप्पांकडे बघितलं. "आप्पा, हे माणसाचं आहे. ज्या पुरुषाला कमी पडतं त्याचं."

आप्पा घरी आले आणि फक्त बायकोला बोलले. बायको फक्त गिरणीत बोलली. द्रौपदाबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या तर दळणाला आलेली बेबाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "द्रौपदाताई, आते मजा शे तुनी!" आणि ओट्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. काय ते कळल्यावर द्रौपदाबाई दळण तिथंच टाकून निघाल्या.

भर दुपारी त्या मळ्यात पोचल्या. डोळे लाल, डोक्यावरचा पदर खांद्यावर.

"जळगावले कोन शे?"

"कोण म्हणजे?" नाना उठून उभे राहिले.

"मनापाशी तं दोन वरीस तुम्ही नीट बोलतबी नहीत. माझी कढी चालत नाही, वरण चालत नाही. आणि महिन्यातून दोनदा जळगाव! मग हे तरणं होणं कोणाकरता?"

"तुझ्याकरताच गं!" नाना एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या वाफ्यात पुनानं फावडं टाकलं आणि तो शहाण्यासारखा दूर निघून गेला.

मग आठ महिने घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "कढी चांगली होती. वरण पण चांगलं होतं. मला दुसरंच सांगायचं होतं, जीभ रेटेना. तू बांधावर दिसलीस की पूर्वी मला काय व्हायचं, तुला काय सांगू! आता काहीच होत नाही. तू हवीशी वाटावीस असं फार वाटतं गं. फार वाटतं. आणि वाटत नाही. बस, हेच माझं दुखणं."

द्रौपदाबाई मटकन बांधावर बसल्या.

"दोन वरीस व्हयनात," त्या हळूच म्हणाल्या, "मी रोज आरशात देखस, मनं काय चुकनं म्हनीसन. केस पिकले म्हणून का, जाडी झाले म्हणून का. तुम्ही सांगितलं असतं तर मी एवढी रडले नसते."

नाना तिच्याशेजारी मातीतच बसले.

"माले बी वाटस," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "बाईमाणसाला वाटत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

त्या चार केळींचं पुढं काय झालं म्हणाल, तर काहीही नाही. चार झाडांसारखी चार झाडं! आप्पा मात्र दोन दिवसांनी बांधावर येऊन, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "नाना, त्या डाक्टरना पत्ता दे ना भो."

पुढच्या सोमवारी दोघं जळगावला गेली. द्रौपदाबाईंनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. डॉक्टरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नानांनी आठ महिन्यांत विचारले नाहीत एवढे प्रश्न द्रौपदाबाईंनी पाच मिनिटांत विचारले. हृदयाला त्रास होईल का? गाठीचं कधी कळेल? नाही घेतलं तर जिवाला धोका आहे का?

"जिवाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "मनाचा प्रश्न आहे. तुम्ही ठरवा."

नाना बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सहा महिने घेऊ," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मानवलं तर पुढं. नाही मानवलं तर सोडून देऊ. आणि नाही काही झालं, तरी रोज बोलायचं." ठरलं! दाढीचा एक गालसुद्धा झाला नसता एवढ्या वेळात!

नानांना पडद्याआड बाकावर पालथं झोपवलं. तिथं त्यांना आठवलं की आपल्याला सुईची भयंकर भीती वाटते! "अगं!" त्यांनी पडद्यातून हाक मारली. द्रौपदाबाई आत आल्या. बाहेर पाच-सहा पेशंट, दारात कंपाउंडर, पण त्या स्टूल ओढून उशाशी बसल्या आणि त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला. लग्नातल्या सप्तपदीनंतर चार लोकांत पहिल्यांदाच!

नानांनी डोळे घट्ट मिटले. हाताला तिच्या बांगड्या लागत होत्या. आणि काय सांगू मंडळी, छातीत धडधडायला लागलं! आधी हळू, मग जोरात, अगदी कानात ऐकू येईल एवढं! कान तापले, घसा कोरडा पडला, तिचा हात सोडूच नये असं वाटायला लागलं.

"डॉक्टरसाहेब!" नाना उशीत तोंड खुपसून ओरडले. "चढलं! औषध चढलं बरं का! काय जबरदस्त औषध आहे!"

दारातून कंपाउंडर म्हणाला, "नाना, सुई अजून उकळतेय."