अनधिकृत उगवण

सरकारी वृक्षबीज भांडारात फणसाच्या काही आठळ्यांना कोंब फुटल्याची गंभीर घटना सोमवारी उघडकीस आली. भांडारपाल बाई पोत्यांवरून नजर फिरवत होत्या. कोपऱ्यातल्या ओलसर पोत्यातून पांढरे कोंब डोकावत होते. बाईंना क्षणभर बरंच वाटलं. मग आपण नोकरीत आहोत हे त्यांना आठवलं.

दुपारीच नोटीस आली : 'सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना बियाणे उगवू दिल्याबद्दल आपली बढती का रोखू नये?'

बाई तडक संचालकांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, फणसाची बी वाळवली की मरते. ओल होती म्हणून तर जगली."

"मला शिकवताय?" संचालक दुखावले. "माझी डॉक्टरेटच त्यावर आहे. ती बघा, भिंतीवर."

"मग?"

"मग काय? नियम सगळ्या बियांना एकच. खडखडीत वाळवायच्या, शीतगृहात ठेवायच्या. आज फणसाला सवलत दिली तर उद्या आंबा दारात उभा राहील."

"पण मेलेल्या बिया सांभाळून करायचं काय?"

"बाई, बी मेली तर ती निसर्गाची मर्जी. उगवली तर आपला हलगर्जीपणा. एवढा फरक तुम्हाला कळायला हवा."

कोंब फुटलेला माल नष्ट करण्याचा आदेश निघाला. बाईंनी तो पाळला. एक आठळी मात्र त्यांच्या पर्समध्ये गेली. कशी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सासूबाईंनी ती घरामागे लावली. रोप तरारून वर आलं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवू लागल्या, "आमच्या सूनबाईंच्या ऑफिसातलं आहे हो!"

हे सूनबाईंच्या कानावर गेलं. सरकारी मालमत्ता, तीही उगवलेली, आणि राहत्या घरी! सासूबाई दुपारच्या पडल्या असताना त्या मागच्या दारी गेल्या. मूळ खोल गेलं होतं. सहज निघेना. शेवटी दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

"अगं, रोप कुठं गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"वाळलं असेल," बाई म्हणाल्या. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

त्यानंतर बाईंनी कसूर म्हणून ठेवली नाही. एकूण एक आठळी गरम हवेच्या कपाटातून गोट्यांसारखी टणक होऊन निघाली. तपासणीला आलेल्या पथकानं डबा कानाशी हलवून पाहिला. "वा, काय आवाज आहे!" वर्षभरात भांडारात एकही कोंब दिसला नाही. 'शून्य उगवण' गटात पहिलं पारितोषिक मिळालं, बाईंची बढती झाली आणि इतर भांडारांना प्रशिक्षण द्यायला त्या फिरू लागल्या.

पारितोषिक मिळवलेलं तेच बियाणं वृक्षारोपण मोहिमेत वाटलं गेलं. सहकुटुंब नागरिक आले. खड्डे झाले, आठळ्या पडल्या, पाणी पडलं, फोटो निघाले.

संचालकांना मात्र धास्ती होती. काहीच उगवलं नाही म्हणून उद्या लोक चालून आले तर? खबरदारी म्हणून तक्रारींसाठी वेगळी खिडकी उघडली, तिथं एक कारकून बसवला. तो अजून बसलाय. झोप चांगली होते, म्हणतो. खिडकीशी कुणी फिरकलेलं नाही.

समोरच्या भिंतीवर मोहिमेचा मोठा फोटो लावलाय. तुम्ही पुढच्याच रांगेत आहात. कुदळ उलटी धरलीय, पण हसू छान आलंय.