विश्रांतीसाठी उभे

पहाटेच कामावरून सुटलेला कॅप्टन प्रज्योत परब सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्म चढवून आरशासमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या बायकोच्या, क्षमाच्या हातातला उंडो पाव हातातच राहिला.

"आज तरी निजतलात म्हटलंय मियां. खंय चललात?"

"निदर्शनांक. आमकां झोप मेळना म्हणून."

"झोप मेळना म्हणून उभे रवाक जातात? त्यापरास घराकच निजा मगे!"

प्रज्योतला हे शंभर टक्के पटत होतं, वैताग त्याचाच होता. पायलटांच्या संघटनेची कंपनीशी नव्या कराराची बोलणी चालली होती आणि गाडं एकाच कलमावर अडलं होतं: रात्रीच्या उड्डाणानंतर पुरती विश्रांती. कंपनी म्हणे, देतो तेवढी पुष्कळ झाली. उद्या पणजीत शेवटची बैठक. त्यासाठी कंपनीचे बोधनकरसाहेब आज दुपारच्या विमानाने मोप्याच्या विमानतळावर उतरणार होते आणि त्यांच्या नजरेस पडावं म्हणून पायलटांनी पाट्या घेऊन दाराशी उभं राहायचं होतं. तेही मुकाट, कारण घोषणा पायलटांना शोभत नाहीत. ड्युटीवरचे येऊ शकत नाहीत, तेव्हा सुट्टीवरच्यांनी यायचं. म्हणजे थकलेल्याने सुट्टी मोडून थकवा दाखवायला जायचं. काय म्हणावं या कर्माला!

विमानतळावर पोलिसांनी उभं राहायला जागा दिली ती नेमकी हॉटेलांच्या ड्रायव्हरांशेजारी. तेही पांढऱ्या शर्टात, हेही पांढऱ्या शर्टात. त्यांच्या हातात पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या, यांच्या हातात मागण्यांच्या. प्रवासातून उतरलेलं माणूस वाचत बसतं थोडंच? विमान आलं आणि पहिल्याच बाईंनी आपली ट्रॉली प्रज्योतच्या पुढ्यात ढकलली.

"गाडी कुठंय रे? चल बाबा, पाय मोडले माझे."

प्रज्योतच्या तोंडून सवयीने "वेलकम, मॅडम" निघून गेलं, तिथंच घात झाला. आता नाही कसं म्हणायचं? ट्रॉली घेऊन तो चार पावलं गेला असेल-नसेल, तोच टॅक्सीवाल्यांचा पुढारी बाबली आडवा आला.

"खंयच्या हाटेलाचो रे तू? आमची भाडी पळवतस?"

"बाबलीदादा, मी प्रज्योत. धारगळचो. पायलट आसंय."

बाबलीने त्याच्या हातातली पाटी वाचली. 'थकलेला पायलट, सगळ्यांना धोका.' त्याचा राग जिथल्या तिथे विरघळला.

"म्हणजे तू संपार आसस? आणि असो मुको? अरे, संप असो करतत?"

"संप न्हय, दादा. नुसती निदर्शनां."

"तांच तां! आमच्या गावच्या झिलाक निजाक देनत नाय? थांब, बघतंय मी!"

बाबलीला संपाचा दांडगा अनुभव. प्रज्योत "दादा, नको" म्हणेपर्यंत टॅक्सी रस्त्यात आडव्या लागल्या. "झोप आमच्या हक्काची!" टॅक्सीवाल्यांचे गळे पायलटांपेक्षा कितीतरी ताजेतवाने होते. बाईंनी ट्रॉली हिसकावून घेतली आणि साऱ्यांचा एकदमच उद्धार केला.

एवढ्यात बोधनकरसाहेब कानाला फोन लावून बाहेर आले. त्यांना न्यायला आलेली हॉटेलची गाडी टॅक्सींच्या पलीकडे अडकलेली. पायलटांनी पाट्या पार त्यांच्या नाकापर्यंत नेल्या. साहेबांनी एकही वाचली नाही. समोर प्रज्योतचा पांढरा शर्ट दिसला, त्याच्या हातात बॅग दिली.

"हॉटेलचा ना तू? चल लवकर."

"जा, घेऊन जा," संघटनेचा अध्यक्ष कॅप्टन योगेश प्रज्योतच्या कानात कुजबुजला. "वाटेत बोल. अशी संधी परत यायची नाही."

प्रज्योतने आपली गाडी काढली. आपल्या माणसाची गाडी म्हणून बाबलीने तेवढीच सोडली.

मागच्या सीटवर साहेबांचा फोन चालूच होता. "विश्रांती कसली? नखरे आहेत नुसते! माणूस कामात असला की झोप आपोआप उडते." प्रज्योतने बोलायला तोंड उघडलं. जांभई आली. पुन्हा उघडलं, पुन्हा जांभई. धारगळच्या आसपास त्याचे डोळे मिटले, गाडी डावीकडे सरकली आणि मागच्या ट्रकने असा हॉर्न मारला की साहेबांच्या हातातला फोन खाली पडला.

"थांबव! आधी थांबव गाडी! झोपतोस काय?"

"रात्रभर जागाच आहे, साहेब. पहाटे सुटलो कामावरून."

"आणि गाडी हातात घेतोस? मागे जिवंत माणूस बसलाय! असल्या माणसाला गाडी देतो तरी कोण?"

प्रज्योतने गाडी कडेला घेतली. त्याला रागही आला नाही. राग यायलासुद्धा थोडी झोप झालेली असावी लागते.

"गाडी माझीच आहे, साहेब," तो म्हणाला. "विमान तेवढं तुम्ही देता. तिथं मागे दीडशेवर माणसं असतात."

साहेबांनी पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावरच्या चार पट्ट्या पाहिल्या. मग उतरून पुढे आले आणि म्हणाले, "सरक. मी चालवतो." पणजीपर्यंत त्यांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. प्रज्योत मात्र म्हापशाच्या आधीच घोरायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी विश्रांतीचं कलम मंजूर झालं. बोधनकरसाहेबांनी फक्त एक अट घातली, की विश्रांतीच्या दिवशी पायलटांनी घरी झोपावं, निदर्शनांना येऊ नये. आमच्या सुट्टीत आम्ही काय करावं हे सांगणारी कंपनी कोण, असं म्हणून संघटनेने ती अट बाणेदारपणे फेटाळली. तिच्या निषेधार्थ येत्या रविवारी, सुट्टीवर असलेल्या सगळ्या पायलटांना पाट्या घेऊन बोलावलंय.