वाटाण्याच्या परातीपाशी झालेला तह

वाणीस एक नमस्कार, कानांस दोन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, पौष मास. कोणे एके मुलुखी मुलींचे वसतिगृह म्हणोन दौलत होती आणि तीवर रेक्टर अनसूयाबाई वाळिंबे राज्य करीत होत्या. ते समयी वर्तमान आले की, सात नंबर खोलीतील भाग्यरेखा तुमराम हिने ट्रंक भरली. बारावीची परीक्षा तीन आठवड्यांवर असता उद्याच्या एसटीने गावी जाते म्हणते आणि कारण सांगत नाही. बाईंस मोठी चिंता प्राप्त जाहली, कारण गेल्या साली अशीच एक पोर गेली ती परतली नाही. आणि बाई नुकत्याच तरुणांशी संवाद साधण्याचे एक दिवसाचे शिबिर करोन आल्या होत्या. तेथील पाच कलमांचा कागद पर्सेत होता. मग मुलीस कचेरीत बोलाविले, समोर बसविले, आणि कलम पहिले, डोळ्यांत पाहिले; कलम दुसरे, मान डोलावली; कलम तिसरे, तिचेच वाक्य तिला ऐकविले. मुलगी म्हणाली, मला जायचंय. बाई म्हणाल्या, तुला जायचंय. मुलगी म्हणाली, हो. बाई म्हणाल्या, हो. दाराआड मुलींची फौज खुसुखुसू हसली. मग भाग्यरेखा उठोन म्हणाली,

"बाई, तुम्ही रागावायच्या ते बरं होतं. असं गोड बोललात की भीती वाटते."

येणेप्रमाणे मोहीम फसली. बाई हिरमुसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या; तेथे स्वयंपाकीण रजेवर आणि साठ ताटांचे वाटाणे पोत्यात तसेच. मग पाट ओढोन सोलावयास बैसल्या. घटकाभराने भाग्यरेखा पाणी भरावयास आली आणि शेजारी सोलावयास बैसली. बाईंनी तिजकडे पाहिले नाही, मान डोलावली नाही, काही विचारिले नाही; इतकेच म्हणाल्या की, किडके वेगळे टाक. परातीचा तळ झाकला, मग अर्धी परात भरली, आणि मग मुलगी वाटाण्यांकडे पाहोन बोलू लागली. ती जे बोलली ते

(येथे जागा कोरी सोडली आहे)

बाईंनी कोणास सांगितले नाही, सबब बखरकारासही ठाऊक नाही. पोते रिते जाहले तेव्हा मुलीने विचारिले,

"बाई, उद्या कोण सोलणार?"

"उद्या वांगी आहेत. चिरायला ये."

पुढे संस्थेच्या चिटणिसांचा खलिता आला की, मुलगी का जात होती ते रकान्यात भरोन धाडावे. बाईंनी लिहिले, मुलगी राहिली.

एकूण हकीकत इतकी: ट्रंक उघडली, पाच कलमांचा कागद हरवला, उसळीस मीठ अंमळ कमी पडले, आणि साठही ताटे पुसून खाल्ली गेली.