लाल दिव्याचं पाणी

“आपलं मशीन खोटं बोलूच शकत नाही!” भाग्येश मोहित्यांनी टेबलावर थाप मारली. हे वाक्य ते रोज आरशासमोर म्हणत. आज ऐकायला खरी माणसं येणार होती.

बोईसरच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यामागे त्यांची ‘स्वच्छांक’ ही कंपनी. पाण्यात रोगाचे जंतू आहेत का, हे त्यांचं मशीन चहा पिऊन होईपर्यंत सांगायचं. असले तर लाल दिवा, नसले तर हिरवा. कंपनीत तीन प्रमुख होते. भाग्येश सगळ्यांचे प्रमुख, हेतल तंत्रज्ञानाची प्रमुख आणि मेहुल विक्रीचा. ज्यांचं प्रमुख व्हायचं ती माणसं तेवढी अजून नेमायची होती. तोवर हे तिघं दर सोमवारी एकमेकांचीच मीटिंग घेत.

मशीन मात्र आजवर एकही खपलं नव्हतं. आज केळव्याहून हेमालीताई चुरी येणार होत्या, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षा. त्यांना पटलं तर रिसॉर्टारिसॉर्टांत मशीन! नाही पटलं तर कंपनीला कुलूप, आणि भाग्येशनी इस्लामपूरला सासऱ्यांच्या खताच्या दुकानात बसायचं. सासऱ्यांनी गल्ल्यामागे खुर्चीसुद्धा मांडली होती. “नवी गादी केलीय बरं का जावईबापू,” असं ते दर फोनला आठवणीने सांगत.

बेत साधा होता. मेहुलने मासवणच्या अलीकडे म्हशी डुंबतात त्या डबक्यातलं पाणी आणायचं. त्यावर लाल दिवा लागेल. मग ऑफिसच्या कूलरमधलं पाणी घ्यायचं, त्यावर हिरवा. यात चुकण्यासारखं होतं काय?

हेमालीताई आल्या, खुर्चीत ऐसपैस बसल्या. मेहुलने डबा उघडला. पाण्याचा रंग बघून ताईंनी पदर नाकाला लावला. हेतलने नमुना मशीनमध्ये घातला. सगळ्यांचा चहा पिऊन झाला आणि दिवा लागला.

हिरवा!

“हे पाणी पियाला चालेल?” ताईंनी विचारलं.

“मशीन अजून गरम व्हायचंय,” भाग्येश घाईने म्हणाले. “हेतल, कूलरचं घे.”

पुन्हा चहा झाला. कूलरच्या पाण्यावर लाल दिवा लागला, तोही असा ठसठशीत की शेजारच्या कारखान्यातून दिसावा.

“तुझं वायरिंग उलटं लागलंय!” भाग्येश हेतलच्या कानात ओरडले.

“माझं वायरिंग? मेहुलने नमुने बदलले असतील!”

“म्हशीचं पाणी मला ओळखता येत नाही होय?” मेहुल उसळला.

“पण सायेब,” हेमालीताई शांतपणे म्हणाल्या, “मघाशी तुमीच म्हणालात, हे खोटं बोलत नाय.”

“एरवी नाही बोलत हो ताई! आज व्होल्टेज कमी आहे.” भाग्येशना दरदरून घाम फुटला होता. डोळ्यांपुढे युरियाची पोती दिसत होती. “कूलरचं पाणी एकदम शुद्ध आहे. हे बघा!” म्हणत त्यांनी ग्लास भरला आणि गटागट रिकामा केला. ताईंचा चेहरा हलेना म्हणून आणखी एक प्यायले.

“आमी केळव्याची माणसं वाट्टेल ते खातो,” ताई उठत म्हणाल्या, “पण लाल दिवा लागलेलं पाणी नाय पिणार. बघू, कळवते.”

‘कळवते’ म्हणजे काय, हे सांगायला विक्रीप्रमुख लागत नाही. तिघांनी ते मशीन खोलून सगळं टेबलावर पसरलं. वायर सरळ, दिवे जागच्या जागी. आणि संध्याकाळच्या सुमारास भाग्येशच्या पोटात कुणीतरी ढोल बडवायला घेतला. ते पळाले. पुढची मीटिंग संडासाच्या बंद दाराबाहेर भरली.

“मेहुल,” हेतल म्हणाली, “डबा कशाने धुतलास?”

“ब्लीचिंग पावडरने! प्रत्येक वेळी घाणेरडा डबा आणतोस म्हणून तूच खेकसतेस ना? आज मुद्दाम मूठभर टाकून चोळला.”

“आणि नंतर साध्या पाण्याने विसळलास?”

“छे! पुन्हा घाण झाला असता.”

हेतलने कपाळाला हात लावला. म्हणजे पावडर डब्यातच राहिली आणि म्हशींचे सगळे जंतू वाटेतच गारद! मशीन हिरवं म्हणालं ते बरोबरच होतं. मग लालचं काय? ती शिडी लावून गच्चीवर गेली. कूलरला पाणी जिथून यायचं त्या टाकीवर झाकणच नव्हतं आणि आत एक कावळा निवांत आंघोळ करत होता.

“झाकण मी काढलं,” ती खाली आल्यावर मेहुलने कबूल केलं. “पालघरच्या प्रदर्शनात कंपनीचं नाव रंगवायला गोल काहीतरी हवं होतं.”

ते झाकण मीटिंगच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं होतं. त्याच्याखाली उभं राहून तिघांनी फोटोही काढले होते.

“पण टाकी आहे कुणाच्या खात्यात?” हेतलने संडासाच्या दाराकडे बघून विचारलं.

आतून क्षीण आवाज आला, “सोमवारच्या मीटिंगमध्ये घेऊ.”

सोमवार उजाडला तेव्हा भाग्येश बोईसरच्या एका दवाखान्यात सलाईन लावून आडवे होते. हेतल आणि मेहुल पायथ्याशी उभे. एवढ्यात हेमालीताई शहाळी घेऊन आल्या.

“तुमी त्याच पाण्याने पडलात म्हणे? म्हणजे मशीन खरं बोललं की! सगळ्या रिसॉर्टांत लावायचं ठरलं.”

भाग्येशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना उठून नाचावंसं वाटलं, पण हाताला सुई होती.

“फक्त एक हाय,” ताई पुढे म्हणाल्या. “आमचे मालक लय संशयी. नुसता दिवा बघून त्यांना पटायचं नाय. दर रिसॉर्टात पहिल्या दिवशी तुमी यायचं, आणि लाल लागलं की ते पाणी त्यांच्यासमोर तुमीच पियाचं.”

“रिसॉर्ट... आहेत तरी किती, ताई?” भाग्येशनी उशीवरून विचारलं.

पण मेहुल विक्रीप्रमुख होता. त्याने कधीच हात पुढे केला होता. “डन, ताई! सरांना डिस्चार्ज मिळाला की लगेच सुरू करू!”