कानाने बघायचा आलेख

"आलेख डोळ्यांनी बघायचे दिवस गेले!" गणिताच्या सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं.

"मग कशाने बघायचे? नाकाने?" भूगोलाच्या बाईंनी पेपर तपासता तपासता विचारलं.

"कानाने!"

कारणही तसंच होतं. अकरावीतल्या एका मुलीला दिसत नव्हतं. तिचा स्क्रीन रीडर अख्खं पुस्तक घडाघडा वाचून दाखवायचा, पण आलेख आला की नुसतं "चित्र" म्हणून पुढे पळायचा. परीक्षेत आलेखाचे प्रश्न सोडून दे, असं जो तो तिला सांगत होता.

"सोडायचेच असते तर गणित कशाला घेतलं असतं?" ती म्हणाली.

झालं! सर इरेला पेटले. सुट्टीवर पाणी सोडून त्यांनी आलेखाला आवाज दिला. किंमत वाढली की सूर चढणार, घटली की उतरणार. आता एवढा पराक्रम हळू आवाजात कसा दाखवायचा? सरांनी सभागृहातला कपाटाएवढा स्पीकर ढकलत वर्गात आणला आणि पहिलाच आलेख निवडला साइनचा. साइन म्हणजे लाट. वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

सरांनी बटण दाबलं.

ऊंऽऽऊंऽऽऊंऽऽ!

"आग! आग! पळा!" बाहेर कुणीतरी बोंब ठोकली.

शेजारचा वर्ग एकाच दारातून एकदम निघाला आणि बाटलीच्या बुचासारखा अडकला. रसायनशास्त्राचे सर परीक्षानळीसकट मैदानात. भूगोलाच्या बाई पेपर तिथेच टाकून, पण पर्स घेऊन धावल्या. सरांचा स्वतःचा वर्गही पसार!

"अरे, बसा! आलेख आहे तो!" सर ओरडत होते. पण त्या आवाजापुढे त्यांचं ऐकतो कोण?

जागेवर राहिली ती एकटीच. मान तिरकी, बोट बाकावर वरखाली फिरतंय.

"सर, दिसला! जेवढा वर, तेवढाच खाली. आणि दर वेळी शून्यातून जातो!"

तेवढ्यात प्राचार्या मॅडम धापा टाकत दारात उभ्या.

"आग कुठेय?"

"आग नाही मॅडम, साइन आहे."

"कुणाची? माझी तर नाही! माझ्या सहीशिवाय हा स्पीकर हललाच कसा?"

"तशी साइन नव्हे हो, गणितातली..."

"अहो, मी बंब बोलावलाय!"

सरांनी झटकन वायर उपटली. स्पीकर बंद पडला. आणि लांबून तसाच आवाज यायला लागला.

"सर, हीसुद्धा लाटच," मुलीने शांतपणे सांगितलं. "फक्त शिखरं जास्त जवळजवळ आहेत. आणि ती आता फाटकातून आत वळतेय."

"अगदी बरोबर," सर पुटपुटले, आणि मॅडमची नजर चुकवून मागच्या जिन्याकडे सटकले.